बारामतीच्या कृषिकला जाताय? आधी आपल्या रानाचा एक प्रश्न ठरवा

दरवर्षी जानेवारी आला की आमच्या गावातून एक-दोन गाड्या बारामतीला जातात, कृषिक हे शेतीचं प्रदर्शन बघायला. मी लातूरकडचा, सहा एकर रान, त्यात अडीच एकर ऊस आणि बाकी सोयाबीन-हरभरा. आजवर मोशीचं किसान, नागपूरचं ॲग्रोव्हिजन, अकोल्याची शिवारफेरी, परभणीचे मेळावे आणि कृषिक असं सगळं फिरून झालंय. पहिली दोन-तीन वर्षं मी नुसता फिरलो, पिशवीभर पत्रकं आणली आणि ती माळ्यावर गेली. मग हळूहळू कळत गेलं की असल्या चार-पाच दिवसांच्या कार्यक्रमाला जायची पण एक पद्धत असते. ज्यांना यंदा पहिल्यांदा जायचंय त्यांच्यासाठी सगळं सविस्तर लिहितोय, थोडं लांबेल पण नीट वाचा.

आधी कुठं जायचं ते ठरवा कारण सगळे कार्यक्रम सारखे नसतात. मोशीचं किसान डिसेंबरात असतं, पुणे-नाशिक रोडला, तिथं कंपन्यांचे स्टॉल प्रचंड, अवजारं, ठिबक, पंप, शेडनेट काय पाहिजे ते एका छताखाली. ज्याला यंत्र घ्यायचंय आणि चार कंपन्या शेजारीशेजारी बघायच्यात त्याला ते बरं. नागपूरचं ॲग्रोव्हिजन साधारण नोव्हेंबरात, तिथं कार्यशाळा भरपूर असतात आणि संत्रा-कापूसवाल्यांना जास्त उपयोगाचं. अकोल्याची शिवारफेरी सप्टेंबरात, पंजाबराव विद्यापीठाच्या रानात उभं पीक बघायला मिळतं. परभणीला १८ मे ला खरीप मेळावा आणि १७ सप्टेंबरला रब्बी मेळावा, बियाणं तिथूनच उचलावं असं माझं मत. द्राक्षवाल्यांना तर काही सांगायलाच नको, त्यांच्या बागायतदार संघाचं चर्चासत्र म्हणजे शेतकऱ्यांनी स्वतः चालवलेली परिषद कशी असावी त्याचा नमुना आहे.

कृषिकचं वेगळेपण असं की ते कृषी विज्ञान केंद्राच्या स्वतःच्या रानावर भरतं, शारदानगरला, माळेगाव खुर्दच्या हद्दीत. मंडप असतोच पण खरी गंमत बाहेर, उभ्या प्लॉटमध्ये. भाषणात ऐकलेली गोष्ट दहा मिनिटं चालत जाऊन मातीत बघता येते. आणि गेली दोन-तीन वर्षं सगळ्यांच्या तोंडात जो एआयचा ऊस आहे तो इथलाच, मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठ यांना बरोबर घेऊन हे केंद्र चालवणाऱ्या ट्रस्टनं केलेला प्रयोग. जानेवारी २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या सत्या नडेलांनी त्याचं नाव घेतलं आणि मग आमच्या गल्लीतली पोरंपण विचारायला लागली की एआय लावला की ऊस किती वाढतो.

आता तयारीचं. ही तयारी घरी, आणि निदान महिनाभर आधी.

सगळ्यात पहिलं काम, एका वहीच्या पानावर आपल्या रानाचा एक प्रश्न लिहायचा. एकच. "शेतीचं भविष्य काय" हा प्रश्न नको, त्याचं उत्तर तिथं प्रत्येक स्टॉलवर वेगळं मिळतं. "माझ्या खोडव्याला (तोडल्यावर पुन्हा फुटलेल्या उसाला) तुटाळ्या (मधे मोकळ्या जागा) जास्त का पडतात", "माझी बोअर मार्चमध्ये गचके खाते तर अडीच एकरातला किती ऊस ठेवू", "सोयाबीन फुलात असताना पाऊस उघडला तर काय करू" असले प्रश्न पाहिजेत. मी एका वर्षी फक्त तुटाळ्यांचा प्रश्न घेऊन गेलो होतो आणि चार दिवसांत तोच प्रश्न अकरा माणसांना विचारला, शास्त्रज्ञ, कारखान्याचा ऊस विकास अधिकारी, रोपवाटिकावाले, आणि माळशिरसकडचा एक म्हातारा शेतकरी. अकरा उत्तरं आली पण त्यातली सात एकाच गोष्टीवर येऊन थांबली, तोडणी जमिनीलगत होत नाही आणि वरचं पाचट (उसाचा वाळका पाला) बुडख्यावरून बाजूला ओढलं जात नाही. एवढं कळायला मला आठ वर्षं लागली होती.

दुसरं, माती आणि पाण्याचा रिपोर्ट सोबत न्या. हा नसला की तज्ज्ञापुढं बसून काही उपयोग नाही, तो बिचारा सर्वसाधारण सल्ला देणार आणि आपण सर्वसाधारण मान हलवणार. मातीचा नमुना घेताना रानात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखा खड्डा घ्या, १५ ते २० सेंटिमीटर खोल, त्याच्या कडेची माती खरवडून घ्या, सगळी एकत्र करून चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या, असं करत अर्धा किलो उरू द्या. बांधाजवळची, झाडाखालची, उकिरड्याच्या जागेची माती घेऊ नका. काळं रान आणि मुरमाड तुकडा असेल तर नमुने वेगळे. पाण्यासाठी मोटार दहा-पंधरा मिनिटं चालू द्या आणि मग स्वच्छ बाटलीत लिटरभर भरा. रिपोर्टमध्ये सामू (पीएच), क्षारता आणि सेंद्रिय कर्ब हे तीन आकडे तोंडपाठ करून जा.

तिसरं, फोटो. मोबाइलमध्ये पिकाचे फोटो सगळेच काढतात पण नुसतं एका पानाचं जवळून काढतात. आधी अख्ख्या रानाचा, मग रोगट भागाचा, मग एका झाडाचा, मग पानाच्या वरून आणि खालून असे काढा, आणि वहीत लागणीची तारीख, खताचे डोस, मारलेली औषधं तारखेसकट लिहा. कीड किंवा रोगट पान न्यायचंच असेल तर वर्तमानपत्रात गुंडाळून न्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत ते एका रात्रीत सडतं आणि मग कुणाला काही ओळखता येत नाही.

जायचे दिवस कोणते? पहिला दिवस उद्घाटनाचा, मोठी माणसं येतात, रस्ते अडतात, शास्त्रज्ञ स्वागताच्या गडबडीत. शनिवार-रविवारी गर्दी इतकी की प्लॉटमध्ये उभं राहता येत नाही. शेवटच्या दिवशी दुपारनंतर स्टॉल गुंडाळायला लागतात. म्हणून मधले कामाचे दिवस धरा आणि निदान दोन मुक्काम ठेवा. सकाळी गेट उघडताना आत शिरा, पहिल्या तासात स्टॉलवरचा माणूस ताजा असतो आणि गर्दी नसते, तेव्हा तो जे सांगतो ते अकरानंतर सांगत नाही.

आमच्याकडून जायचं तर बार्शी, कुर्डूवाडी, टेंभुर्णी, इंदापूर करत बारामती, जवळजवळ अडीचशे किलोमीटर पडतं. रेल्वेनं यायचं असेल तर दौंडहून बारामतीला गाडी आहे. लॉज त्या आठवड्यात मिळणं अवघड, आधी फोन करून ठेवा नाहीतर इंदापूर-भिगवणकडे मुक्काम करा. जानेवारीची थंडी असते, स्वेटर घ्या, पायात बूट घ्या कारण दिवसाला आठ-दहा किलोमीटर सहज चालणं होतं. भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली तर जेवणाच्या रांगेत जाणारा तास वाचतो, आणि तो तास सोन्यासारखा असतो कारण त्या वेळेला सगळे जेवायला गेलेले असतात आणि प्लॉट मोकळे.

पाच जण जात असाल तर पाचही जणांनी घोळक्यानं फिरू नका. आम्ही वाटून घेतो, एकानं अवजारं, एकानं पाणी आणि ठिबक, एकानं दूध आणि चारा, एकानं बाजार आणि प्रक्रिया, एकानं नुसती चर्चासत्रं. रात्री मुक्कामावर जेवण झाल्यावर प्रत्येकानं आपापलं सांगायचं आणि दुसऱ्या दिवशी ज्याला जे पटलं तिथं जायचं. हा रात्रीचा तास मला वैयक्तिक सगळ्यात जास्त आवडतो, खरं सांगतो.

आणि घरातल्या बायकांना न्या, हे मी कळकळीनं सांगतोय. शेतीतली निम्म्याहून जास्त कामं त्या करतात, खुरपणी, टोकणी, वेचणी, जनावरं, आणि प्रदर्शनाला मात्र पुरुषांची जीप भरते. दोन वर्षांपूर्वी मंडळी पहिल्यांदा सोबत आल्या. मी हातानं ढकलायच्या एका कोळप्यासमोर (तण काढायचं अवजार) उभा राहून किंमत विचारत होतो, त्यांनी ते हातात घेतलं, चार पावलं ढकललं आणि म्हणाल्या, "मूठ खाली आहे हो, तासाभरात कंबर जाईल." मी ते घेणारच होतो. नंतर त्यांनीच शोधून दुसरं काढलं, मूठ वरखाली होणारं, ते आज रोज वापरात आहे. ड्रोनच्या स्टॉलवरही बायकांनी थांबावं, नमो ड्रोन दीदी योजनेत बचत गटांना ड्रोनच्या किमतीच्या ८० टक्के, जास्तीत जास्त ८ लाख रुपये मदत आहे, आणि चालवायचं प्रशिक्षणही आहे. गटातल्या दोघी-तिघींनी एकत्र येऊन विचारलं तर माहिती जास्त नीट मिळते.

पहिल्या दिवशी काही विकत घ्यायचं नाही. पैसे पण लॉजवरच ठेवा वाटल्यास. पहिला दिवस फक्त बघायचा, वहीत लिहायचं, प्लॉटचा फोटो काढायच्या आधी त्याच्या पाटीचा फोटो काढायचा म्हणजे घरी आल्यावर कुठला वाण कुठला ते कळतं.

आता चर्चासत्र. आपली माणसं मंडपात सावलीला बसतात आणि पडद्यावर आकडे आले की मोबाइलनं फोटो काढतात. फोटो काढा पण आकडा ऐकला की मनात चार प्रश्न यायला पाहिजेत. प्रयोग कुठल्या जमिनीत आणि किती पावसात झाला? किती वर्षं झाला? शेजारी कशाशी तुलना केली? आणि एकरी खर्च किती आला? एकरी शंभर टन म्हणलं की टाळ्या पडतात, पण तो शंभर टन अख्ख्या एकराचा आहे का पाच गुंठ्यांवरून गुणाकार केलाय, कारखान्याच्या काट्याची पावती आहे का, हे कुणीतरी उठून विचारलं पाहिजे. उद्धटपणे विचारायचं नाही, "साहेब, जरा समजावून सांगा" असं म्हणून विचारायचं. चांगल्या शास्त्रज्ञाला असा प्रश्न आवडतो, तो नंतर चहाच्या टपरीवर आपल्याला शोधत येतो, माझा अनुभव आहे.

व्यासपीठावर शेतकरी बोलला तर त्याला सोडू नका. त्याचं गाव विचारा, "उन्हाळ्यात येऊन रान बघू का" विचारा. हो म्हणाला की जा.

एआयच्या प्लॉटवर जरा जास्त वेळ द्या कारण पुढच्या काळात हे आपल्या दारात येणारच आहे. राज्य सरकारनं २०२५ मध्ये महाॲग्री-एआय धोरण आणलंय, पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटींची तरतूद आहे, म्हणजे कारखाने, कंपन्या, शेतकरी गट सगळे याच्या मागं लागणार. तिथं काय दिसतं तर रानात हवामान केंद्र उभं असतं, तापमान, आर्द्रता, वारा, पाऊस मोजणारं, जमिनीत ओलावा मोजणारे सेन्सर असतात, वरून उपग्रहाचे फोटो येतात आणि हे सगळं एकत्र करून मोबाइलवर सल्ला येतो की आज पाणी दे, उद्या देऊ नको, या कोपऱ्यात पीक मागं पडलंय. कल्पना चांगली आहे आणि मला मनापासून पटलेली आहे, आपण पाणी अंदाजानं देतो हे खरंच आहे.

पण तिथं उभं राहून हे विचारा. सेन्सर एका जागी रोवलाय, तो किती एकराच्या वतीनं बोलतो? माझं रान एका टोकाला काळं आणि दुसऱ्या टोकाला मुरमाड, दोन्हीकडं वाफसा (कामाजोगी ओल) एकाच दिवशी येत नाही. उपग्रहाचा फोटो किती दिवसांनी येतो आणि ढग असले तर काय? फुकट मिळणारे जे सेंटिनेल उपग्रहाचे फोटो असतात त्यातला एक ठिपका १० मीटर बाय १० मीटरचा, म्हणजे जवळजवळ आपला एक गुंठा. तेव्हा वीस गुंठ्यांचा तुकडा म्हणजे फक्त वीस ठिपके, त्यातले कडेचे ठिपके बांधावरची बाभळ आणि शेजाऱ्याचा ऊस मिळून होतात. ही अडचण कशी सोडवता असं मी विचारलं तेव्हा तिथल्या पोरानं मला खुर्ची दिली आणि अर्धा तास समजावलं, छोट्या तुकड्यांना शेजारच्यांनी मिळून घेणं परवडतं हा मुद्दा मला तिथंच कळला. पुढचे प्रश्न पैशाचे, पहिल्या वर्षीचा खर्च किती, दुसऱ्या वर्षापासून वर्गणी किती, केबल उंदरानं कुरतडली तर येणार कोण, रानात रेंज नसेल तर काय, आणि माझ्या रानाची माहिती कुणाकडं राहते.

ड्रोनच्या प्रात्यक्षिकाला गर्दी होते, धुरळा उडतो, व्हिडिओ निघतात. तिथं एकच धरून ठेवा, पाठीवरच्या पंपानं आपण एकराला दीडशे-दोनशे लिटर पाणी मारतो आणि ड्रोन साधारण दहा लिटरमध्ये एकर उरकतो. मग औषधाचं प्रमाण काय, थेंब खालच्या पानापर्यंत जातो का, वाऱ्यानं शेजारच्या पिकावर जातं का? फवारा झाल्यावर वाकून खालचं पान उलटून बघा, ओलं आहे का नाही ते बोटाला कळतं.

खरेदीबद्दल आता नीट वाचा, कारण इथंच माणूस नागवला जातो.

यंत्र किंवा ठिबक अनुदानावर घ्यायचं असेल तर प्रदर्शनात ॲडव्हान्स देऊ नका. आधी शेतकरी ओळख क्रमांक काढलेला पाहिजे, सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज पाहिजे, निवड झाली पाहिजे, पूर्वसंमतीचं पत्र हातात पाहिजे, मग खरेदी. पूर्वसंमतीच्या आधीच्या तारखेचं बिल असलं की अनुदान गेलं. ठिबकला अल्प-अत्यल्प भूधारकाला ८० आणि बाकीच्यांना ७५ टक्के म्हणतात, पण ते टक्के सरकारनं ठरवलेल्या मापदंडावर असतात, दुकानदाराच्या बिलावर नसतात, मधला फरक आपल्या खिशातून. नळीवर आयएसआयचा शिक्का बघा. ट्रॅक्टर किंवा मोठं अवजार असेल तर बुदनीच्या सरकारी केंद्राचा किंवा दुसऱ्या मान्य संस्थेचा चाचणी अहवाल मागा, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आपल्या तालुक्यात त्याचे पार्ट मिळतात का आणि मेकॅनिक कोण. "फक्त प्रदर्शनापुरती ऑफर" म्हणले की म्हणायचं, कोटेशनवर लिहून द्या, सही शिक्क्यासकट. जो लिहून देतो त्याच्याशी नंतर बोला.

बाटल्यांच्या स्टॉलपासून सावध. एका वर्षी मी एका कंपनीच्या स्टॉलवरून सोयाबीनसाठी टॉनिकच्या तीन बाटल्या आणल्या, नाव सांगत नाही. बिल मागितलं तर म्हणाला गावाकडं पाठवतो. सगळ्या रानावर मारलं. पीक बरं आलं, पण त्या वर्षी पाऊसही बरा होता आणि मी एकही ओळ बिनाफवारणीची ठेवली नव्हती, तेव्हा पैसे पाण्यात गेले का कामी आले हे मला आजपर्यंत सांगता येत नाही. असल्या टॉनिकांना, म्हणजे बायोस्टिम्युलंटना, २०२१ पासून खत नियंत्रण आदेशात आणलंय, म्हणजे त्यात काय आहे, कुठल्या पिकाला मान्यता आहे हे लेबलवर पाहिजे. लेबल वाचा, पक्कं बिल घ्या, नाहीतर पुढं चला.

कार्बन क्रेडिटचे स्टॉल आता वाढतायत. झाडं लावा, पाचट ठेवा, पैसे मिळतील असं सांगतात. एक क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइडइतकी घट, एवढं डोक्यात ठेवून विचारा की माझ्या एकरात वर्षाला किती क्रेडिट बसतात, तपासणीचा खर्च कुणाचा, करार किती वर्षांचा, मधेच रान विकलं किंवा बटाईनं दिलं तर काय. कागद घरी आणून पोराला वाचायला लावा, तिथं सही करू नका. आणि कुठल्याही स्टॉलवर नावनोंदणी म्हणून आधारचा फोटो किंवा ओटीपी देऊ नका, बक्षिसाच्या सोडतीसाठी तर अजिबात नाही. नाव, गाव आणि पीक एवढं पुष्कळ झालं.

घरी आल्यावर आठ दिवसांच्या आत दोन कामं. एक, संध्याकाळी मारुतीच्या देवळापुढं जे आले नाहीत त्यांना बोलावून फोटो दाखवा, सांगताना आपलं आपल्याला पण पक्कं होतं आणि कोण काय करून बघणार तेही ठरतं. दोन, वहीत लिहिलेल्या सगळ्यातून एकच गोष्ट यंदा करायची निवडा. ती पण अख्ख्या रानात करायची नाही, दहा गुंठ्यांत. शेजारचे दहा गुंठे नेहमीसारखे ठेवा, माती सारखी असलेले, पेरणी एकाच दिवशी, खत-पाणी सारखं. चार कोपऱ्यांना खुंट्या ठोका आणि त्यावर रंग द्या कारण ऑगस्टमध्ये तण वाढलं की खुंटी दिसत नाही.

वेगळा खर्च झाला तो वहीत वेगळा लिहा, मजुरी धरून. घरच्या माणसाची मजुरी पण धरा, आपण ती कधीच धरत नाही.

मळणीच्या दिवशी मशीनवाल्याला आधीच सांगून ठेवा की या वीस गुंठ्यांचा माल वेगवेगळा काढायचाय, तो कुरकुर करेल, दोनशे रुपये जास्त मागेल, द्या. एका तुकड्याचं झालं की मशीन रिकामं फिरवून घ्या म्हणजे आतलं राहिलेलं पडतं. दोन्हीकडचं बारदान वेगळ्या रंगाच्या सुतळीनं शिवा आणि वजन करून पोत्यावर खडूनं लिहा, आडतीवर न्यायच्या आधी, घरीच.